बोलायचा पेपर

समोरच्या इमारतीतला मुलगा आज उजाडल्यापासून गच्चीवर फेऱ्या मारत इंग्रजीचा निबंध पाठ करतोय. एका टोकाला 'ट्रीज आर अवर बेस्ट फ्रेंड्स' सुरू होतं आणि दुसऱ्या टोकाला 'देअरफोर'पाशी गाडी अडते. मग तो मागे फिरतो. मी इकडे मेथी निवडतेय आणि मनातल्या मनात त्याला पुढचा शब्द पुरवतेय, जणू तो माझ्याच वर्गात बसलाय.

इरा, निहार, तुमच्या गावात अजून बर्फ आहे असं तुमचा बाबा परवा फोनवर या आजीला म्हणाला. इथं सांगलीत थंडी निघायच्या बेतात आहे. मार्केट यार्डाकडून वारा आला की घरभर हळदीचा वास येतो, पडद्यांनासुद्धा. हातगाड्यांवर द्राक्षं आली आहेत. रस्त्यावर सायकलच्या कॅरिअरला लिहायचं पॅड अडकवलेली, आरपार दिसणाऱ्या पाऊचमध्ये पेनं घातलेली मुलं दिसू लागली आहेत. तुमच्याकडे परीक्षा कधी आली नि कधी गेली हे मला फोनवर कळतही नाही. इथं परीक्षा हा ऋतूच असतो. शेजारी टीव्हीचा आवाज कमी करतात, पाहुणे येणं लांबवतात. पेपरला निघालेलं मूल दिसलं की कुणीही, अगदी दारात आलेली भाजीवालीसुद्धा, 'नीट लिही बाळा' म्हणते.

नीट लिही. हे दोन शब्द या दिवसांत इतक्यांदा कानांवर पडतात, आणि दर वेळी मला सानिका आठवते. तिनं दहावीचा इंग्रजीचा पेपर एक अक्षरही न लिहिता दिला.

नोकरीची शेवटची वर्षं मी कडेगावच्या एका हायस्कुलात होते. शाळेच्या कुंपणापलीकडे ऊसच ऊस. माघ लागला की एकेक फड तुटायचा आणि रोज नवीन डोंगर दिसायचा, आदल्या दिवसापर्यंत उसामागे लपलेला. तोड झालेल्या रानातलं पाचट पेटवत. त्याची राख वाऱ्यावर उडून वर्गात यायची, काळी, हलकी, पिसासारखी, आणि उघड्या वह्यांवर अलगद बसायची. ती पुसायची नाही, पुसली की पानभर काजळी होते. फुंकर मारायची. सगळा वर्ग अधूनमधून वहीवर फुंकर मारतोय हे दृश्य मला तिथंच पहिल्यांदा दिसलं.

सानिका मात्र राख नसतानाही फुंकर मारायची.

"काय करतेस गं?" मी विचारलं.

"बाई, ह्यातलं अक्षर कुठलं आन् राख कुठली, कळंना झालंय," ती म्हणाली. "फुकलं की राख तरी उडती. अक्षरं निस्ती हलत्यात."

वर्ग हसला. तीही हसली. हसवून मोकळं व्हायची तिला सवयच लागली होती. काठी आणि पोट, एवढंच तर ते इंग्रजी अक्षर. पोट उजवीकडे असलं की बी, डावीकडे असलं की डी. तिच्या डोळ्यांसमोर ते पोट कधी इकडे, कधी तिकडे. मराठीत ती कशीबशी तरून जायची, कारण क म्हणजे कायम क. "विंग्रजीतला सी कवा क म्हनतो, कवा स," तिची तक्रार असे. "लबाड हाय त्यो."

पण तिला धडा वाचून दाखवायचा अवकाश. मी एकदा वाचायची, आणि ती खिडकीबाहेर बघत बसलेली. वाटायचं, हिचं लक्ष नाही. दुसऱ्या दिवशी विचारावं तर वाक्यंच्या वाक्यं परत यायची. मी कुठं श्वास घेतला, कुठं खोकले, त्यासकट. मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण भाषा अशी कुणाच्या अंगात उतरलेली पाहिली नव्हती. पाणी जसं काळ्या रानात मुरतं, वर काही दिसत नाही, तसं.

अक्षरं अशी का हलतात म्हणून मिरजेला दवाखान्यात तिची तपासणी झाली, तेव्हा मी बरोबर गेले होते. वडीलही होते. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मिशी पिळलेली, सदऱ्याला इस्त्री. गावात त्यांना सगळे हवालदारच म्हणत, म्हणून मीही. व्हरांड्यात एक नर्स नावं पुकारत होती. एकेक नाव खणखणीत, आणि माणसं उठून तिच्यामागे जात होती. सानिका तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

"बाई, मला हे करायचंय," ती म्हणाली. "दहावी पास व्हाय लागतंय ना त्याला?"

"दहावी, बारावी, पुढचंही शिकावं लागतं."

"मंग दहावी पयली," ती म्हणाली. तिथून पुढे तिच्या मनातलं सगळं या एका खुंटीवर टांगलेलं होतं. नापास झाली की घरी बसायचं, हे घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण ठरलेलं होतं.

परतताना तंतुवाद्यांच्या दुकानांवरून आलो. एका दारात एक म्हातारे गृहस्थ तंबोरा जुळवत बसले होते. सानिका रस्त्यातच थांबली. तार छेडली, पुन्हा छेडली, मग कुठंतरी काहीतरी जुळलं आणि त्या एका तारेतून जणू चार तारा बोलू लागल्या. "आता लागली," ती पुटपुटली. त्याच क्षणी म्हाताऱ्यांनी हात थांबवला. हवालदार पुढून ओरडले, "चल गं, एस्टी सुटल!"

दवाखान्याच्या दाखल्यावर 'अध्ययन अक्षमता' असं लिहून आलं. हा शब्द मला कधीच आवडला नाही, पण त्या शब्दामुळे तिला सवलत मिळणार होती. थोडा जास्तीचा वेळ, आणि लेखनिक. लेखनिक म्हणजे खालच्या इयत्तेतलं एक मूल. त्यानं प्रश्न वाचून दाखवायचा, सानिकानं उत्तर बोलायचं, त्यानं ते जसंच्या तसं लिहायचं. सुधारायचं नाही, सुचवायचं नाही. एखाद्या शब्दाचं स्पेलिंग अडलं तर तेही सानिकानंच सांगायचं.

हवालदारांनी दाखला दोनदा वाचला आणि घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला.

"न्हाई जमायचं, बाई. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठिवून नेम धरायचा? आमच्या घरात हे न्हाई. नापास हू दे, पर सोताच्या हातानं हू दे."

"हवालदार, तिच्या हाताचा दोष नाही हो."

"मंग सराव करंल. सरावानं काय हुत न्हाई? पाच वाजता उठवतो मी तिला."

तिची आई बरोबर आली होती. दाराशी उभी, पदर डोक्यावर, शाळेच्या पायरीपलीकडे न आलेली. ती हळूच म्हणाली, "आवं, पोरीला बोलू द्या की. आपल्या घरात माजं ऐकून घेनारी तेवढी तीच हाय." हवालदारांनी मागे वळून पाहिलं नाही. पण दाखला परतही नेला नाही. तो माझ्या टेबलावरच राहिला, आणि मी त्याचा अर्थ मला हवा तसा लावला.

लेखनिक म्हणून नववीतली शिफा मिळाली. बाजारपेठेत तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. अक्षर छापल्यासारखं आणि स्वभाव तितकाच काटेकोर. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात दोघींचा सराव सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं की खरी अडचण आता सुरू होतेय. कारण जिनं आजवर वर्गात फक्त हसवण्यापुरतं तोंड उघडलं, तिला आता उत्तरं बोलायची होती. ती कुजबुजायची. आणि शिफा ऐकू येईल ते इमानदारीत लिहायची.

"ही वेंट टू द फॉरेस्ट," सानिका कुजबुजली.

शिफानं लिहिलं. मी डोकावून पाहिलं तर 'शी वेंट'.

"अगं, ती 'ही' म्हणाली ना?"

"हो बाई. ही म्हणजे मुलगीच की. हा असता तर मुलगा."

मला हसू आवरेना. सानिका म्हणाली, "शी! विंग्रजीतली पोरगी म्हंजी शी, आन् पोरगा म्हंजी ही. कुनी ठरिवलं हे?"

स्पेलिंगचं तर विचारूच नका. बी, डी, पी, टी, सी, जी, सगळी एका माळेतली. कुजबुजीत कोणतं कुठलं ते कळेना. सानिकानं 'बेड'चं स्पेलिंग सांगावं आणि शिफानं 'डेब' लिहावं. एकदा तर सानिका वैतागून म्हणाली, "आन् ह्यो बी बी!" म्हणजे हासुद्धा बीच. शिफानं निमूटपणे दोन बी लिहिले.

"बी बी का लिहिलेस?"

"तीच म्हणाली बी बी."

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी हवालदार आले. कारखान्याचा भोंगा नुकताच वाजून गेला होता आणि मळीचा गोड-आंबट वास वर्गात भरला होता. ते तिला न्यायला आले होते, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. "बास झालं," एवढंच म्हणायचं बाकी होतं. आत मुलींचं चाललेलं.

"डी."

"बी?"

"डी गं, डी!"

"पी?"

हवालदार दारातच थबकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक निराळाच राग आला. बापाचा नव्हे, हवालदाराचा.

"आगं, अशानं तोफंचे गोळे आपल्याच पोरांवर पडतील!" ते गरजले. दोघी मुली उठून उभ्याच राहिल्या. "वायरलेसवर असं बी-डी, बी-डी कोन बोलतं? वर बर्फात वारा घोंगावतोय, कानात खरखर, आन् तू बी म्हनलीस तर पल्याडच्यानं काय ऐकायचं? बी न्हाई. ब्राव्हो! डी न्हाई. डेल्टा! पी म्हंजी पापा, टी म्हंजी टँगो. सांग आता, बेड."

सानिकानं माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. लहानपणापासून सुट्टीवर घरी आलेल्या बापाला मित्रांशी असं बोलताना तिनं ऐकलेलं होतं. ते सगळं कुठंतरी आत मुरलेलं होतंच.

"ब्राव्हो, इको, डेल्टा," ती म्हणाली. कुजबुजून नाही. व्हरांड्यातल्या नर्ससारखं, खणखणीत.

शिफानं लिहिलं. बरोबर.

"डॅड," हवालदार म्हणाले.

"डेल्टा, अल्फा, डेल्टा."

"बॅड."

"ब्राव्हो, अल्फा, डेल्टा."

मी खडू हातात धरून तशीच उभी होते. मुलांनो, विचार करा. जगभरच्या वैमानिकांसाठी, सैनिकांसाठी ही बाराखडी बनवली गेली, कारण गोंगाटात धडधाकट माणसालाही बी आणि डी वेगळे ऐकू येत नाहीत. त्याबद्दल त्यांना कुणी अक्षम म्हणालं नाही. सगळ्यांचीच अडचण होती, म्हणून तिच्यावर एक पद्धत निघाली. इथं एका मुलीच्या डोळ्यांपुढे तीच दोन अक्षरं एकमेकांत मिसळत होती. तिच्यासाठी ब्राव्हो आणि डेल्टा ही दोन वेगळी माणसं होती, वेगळ्या आवाजांची, वेगळ्या उंचीची. त्यांचं पोट कुठल्या बाजूला हे तिला बघायचंच नव्हतं.

हवालदार बाकावर बसले. मग त्यांना आठवलं की आपण हे सगळं बंद करायला आलो होतो. ते मिशीला हात लावत म्हणाले, "तरी बी मला हे पटत न्हाई. बोलायचं हिनं आन् लिवायचं तिनं."

"अप्पा," सानिका म्हणाली, "तुमी सेटवर बोलायचा, तवा पल्याड दुसरा कोन लिवून घ्यायचा ना? मंग ती बंदूक कुनाच्या खांद्यावर हुती?"

शिफानं घाबरून वहीत तोंड घातलं.

"लय बोलाय लागलीस," हवालदार म्हणाले.

"बोलायचाच पेपर हाय माजा."

ते खदखदून हसले. इतके, की डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले आणि मागच्या बाकावर बसून "आवाज!" असं ओरडू लागले. शाळेत ही लागण पसरली. अख्खी दहावी एकमेकांना टँगो, पापा अशा हाका मारायला लागली. शिपाईमामांनी घंटा दिली की मुलं वायरलेसच्या थाटात "रॉजर!", म्हणजे 'समजलं', म्हणत. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, "बाई, हे इंग्रजीच्या कोणत्या धड्यात आहे?"

आणि सानिका? तिचा आवाज एकदा मोकळा झाला तो झालाच. काटेसावरीच्या झाडाला पान नसताना जशी एकदम लाल फुलं येतात, तशी तिला वाक्यं यायला लागली. व्याकरण तिरपागडं, पण वाक्य जिवंत. मी तिला म्हणाले, तुमच्या रानाचं वर्णन इंग्रजीत सांग. ती म्हणाली, "व्हेन शुगरकेन गोज, द हिल कम्स." ऊस जातो, तेव्हा डोंगर येतो. रोज बघत होते मी ते, पण अशा एका ओळीत ते कधी पाहिलं नव्हतं.

पेपरच्या दिवशी विषयशिक्षकाला परीक्षा केंद्रात जाता येत नाही. मी फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभी होते. झाडाची पानं गळत होती आणि त्याच फांदीला कोवळी तांबूस पालवीही होती. हवालदार कुंपणालगत येरझाऱ्या घालत होते. लेखनिक घेतलेल्या मुलांना वेगळी खोली असते. तिच्या खिडक्या आमच्याकडेच होत्या, पण एवढ्या लांबून शब्द कळत नव्हते. नुसता एका मुलीचा आवाज येतोय, थांबतोय, पुन्हा येतोय, एवढंच.

वेळ संपल्याची घंटा झाली. सानिका धावतच आली.

"लय भारी, बाई! सगळं बोललो." आमच्याकडच्या मुलीही 'मी बोललो' म्हणतात, दचकू नका. "निबंध तर शेवटच्या घंटेपर्यंत बोललो. आवडत्या मानसावर आलता. आयवर बोललो."

आय म्हणजे आई. हे तर तुम्हालाही माहीत आहे.

शिफा मागून येत होती, ती जागीच थांबली. "कोणावर?"

"आयवर गं. पयल्याच वाक्यात म्हनलो की, माय मदर इज माय हिरो."

"ते लिहिलं. पण पुढं तू मदर कुठं म्हणालीस? पुढं तू आय, आय म्हणत होतीस."

"आयच की. मदर म्हनलं की ती दुसरीच कुनीतरी वाटती. आमच्या घरात मदर न्हाई, आय हाय."

"अगं, इंग्रजीत आय म्हणजे मी!" शिफा रडवेली झाली. "मी सगळीकडे 'मी' लिहिलंय. मला वाटलं, आता तू स्वतःबद्दल सांगतेयस. 'आय गेट्स' म्हणालीस तेव्हा चूक कळली मला, पण सुधारायचं नाही म्हणून सांगितलंय ना! आणि वाचून दाखवायला वेळच उरला नाही."

सानिकाचा चेहरा उतरला. निबंध गेला, तर पास-नापास काठावर येणार होतं. पास होणं म्हणजे काय होतं, ते आम्हा चौघांनाही ठाऊक होतं.

"काय बोललीस?" हवालदारांनी विचारलं. "सांग मला. जसंच्या तसं."

ती पाठ ताठ करून उभी राहिली आणि सांगू लागली. मी ते इथं तिच्या चुकांसकट लिहिते, कारण त्यातली एकही चूक दुरुस्त करायचं धाडस माझ्यात नाही.

"आय गेट्स अप बिफोर द बर्ड्स. आय कॅरीज ग्रास ऑन हेड, अँड द ग्रास इज बिगर दॅन आय. आय कॅनॉट रीड. पीपल थिंक आय नोज नथिंग. आय रिमेंबर्स एव्हरीथिंग."

मी पक्ष्यांआधी उठते. मी गवताचा भारा वाहते, आणि भारा माझ्याहून मोठा असतो. मला वाचता येत नाही. लोकांना वाटतं, मला काहीच कळत नाही. माझ्या सगळं लक्षात राहतं.

ती आईबद्दल बोलत होती. कागदावर ते तिच्याबद्दल लिहिलं गेलं होतं. आणि दोन्हीकडून ते खरं होतं, शब्दन् शब्द. लिंबाची पानं आमच्या अंगाखांद्यावर पडत होती, बाजूनं मुलं ओरडत, उत्तरं पडताळत चालली होती. मला मात्र देवळाच्या गाभाऱ्यात उभं असल्यासारखं वाटत होतं.

"परत सांग," हवालदार म्हणाले.

तिनं परत सांगितलं.

निकाल लागला तेव्हा ती इंग्रजीत पास झाली होती. मार्क बेताचे. निबंधाचे किती मिळाले, कळायला मार्ग नाही. त्या अनोळखी परीक्षकानं क्रियापदांचे मार्क कापले असणार, आणि ते कापायलाच हवेत. पण त्यानं किंवा तिनं ते वाचताना क्षणभर लाल पेन वर धरलं असेल का, असं मला या दिवसांत नेहमी वाटतं. सानिका आता मिरजेला नर्सिंग शिकते. औषधांची नावं तिला वाचायला वेळ लागतो, म्हणून ती प्रत्येक नाव मोठ्यानं उच्चारते, स्पेलिंग ब्राव्हो-डेल्टात म्हणून बघते, आणि दोनदा खात्री करून घेते. एवढी खात्री सगळ्यांनीच करून घेतली तर बरं, असं तिच्या मोठ्या सिस्टर म्हणतात म्हणे.

मी मात्र अजून त्या एका अक्षरापाशी अडलेय. इंग्रजीतला आय. एक उभी काठी, बाकी काही नाही. आरशात धरा, डावीकडून बघा, उजवीकडून बघा, तो फिरत नाही. सगळी अक्षरं जिच्यापुढे हलत होती, तिच्यासाठी हे एक तरी जागेवर उभं होतं, आणि त्या दिवशी एवढ्याशा काठीत मायलेकी दोघीही मावल्या.